सोळा मार्चची रेघ

निरंजनच्या वर्षभरातल्या चारही भेटी त्या सकाळी एकदम डावीकडे सरकल्या होत्या.

हेमलताबाई पाटणकरांनी चष्मा पुसला, टॅबलेटची काच पदराने पुसली आणि पुन्हा पाहिलं. काल संध्याकाळपर्यंत मुलाच्या नावाच्या चार निळ्या पट्ट्या नेहमीच्या जागी होत्या. मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर, आणि प्रत्येक वेळी महिन्याचा शेवटचा रविवार. तो रविवार जवळ आला की पट्टी आक्रसायची, 'भेट' या शब्दाच्या जागी 'फोन' यायचं आणि पुण्याहून कराडला येणारा मुलगा पडद्यावर पाच मिनिटं दिसून जायचा. हे इतकी वर्षं चाललं होतं की त्याचं वाईट वाटणंही आता सवयीचं झालं होतं. आज मात्र चारही पट्ट्या फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारपासून एक सोडून एक रविवार धरून ओळीने बसल्या होत्या. शेवटची पंधरा मार्चला.

समोर अनसूया शिंगटे चहा बशीत ओतत होती. ती पोस्टातून निवृत्त झालेली, खालच्या मजल्यावर राहणारी. शाळेपासूनची मैत्रीण असल्यामुळे तिला काहीही बोलायची मुभा होती.

"निरू येतोय," हेमलताबाई म्हणाल्या. "सहा आठवड्यांत चार वेळा."

"फोनवर?"

"नाही गं. स्वतः."

अनसूयाने बशी खाली ठेवली. "मग हेमे, तू काय मरायला टेकलीयेस का काय?"

दोघी हसल्या. संक्रांतीच्या उरलेल्या तिळाच्या वड्यांचा डबा अनसूयाने पुढे ओढला आणि विषय तिच्या गुडघ्यांकडे गेला. पण ती खाली गेल्यावर हेमलताबाईंनी डबा तसाच उघडा ठेवला आणि कितीतरी वेळ त्या पट्ट्यांकडे पाहत राहिल्या.

या पट्ट्या मांडणारं 'मेळ' आता घरोघरी होतं. आधी ते पूल आणि बोगदे बांधणाऱ्या कंपन्यांत आलं, मग कचेऱ्यांत, मग शाळांत, आणि गेल्या दहा वर्षांत त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरची जागा घेतली होती. दाढ कधी काढायची, मुलांना कुणी आणायचं, पाहुणे कधी बोलवायचे, सगळं मेळ ठरवायचं. एकाचं काम हललं की त्याच्या मागे पन्नास जणांची कामं ते मुकाट्याने सरकवून ठेवायचं. लोकांनी आता विचारणंही सोडलं होतं की अमुक दिवसच का.

त्यामागचं शास्त्र मात्र जुनंच होतं. सत्त्याऐंशी साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, हेमलताबाई घाटातल्या एका वीजघराच्या प्रकल्पावर नियोजन विभागात लागल्या. तेव्हा हे सगळं ट्रेसिंग कागदावर हाताने काढायचे. छपाईच्या खोलीतल्या अमोनियाने डोळे चुरचुरायचे, पावसाळ्यात कागद फुगायचे आणि आठवडाभराची मेहनत अर्ध्या इंचाने चुकायची. त्यांचे वरिष्ठ देवस्थळी साहेब इंग्रजी संज्ञा वापरायचे नाहीत. ते म्हणायचे, "दोनच गोष्टी ध्यानात ठेवा, बाई. दोरी आणि खुंटी." पाया वाळल्याशिवाय यंत्र बसवता येत नाही, म्हणजे यंत्राचं काम पायाच्या कामाला दोरीने बांधलेलं आहे. पाया आठ दिवस लांबला की यंत्र आपोआप आठ दिवस ओढलं जातं. खुंटीचं तसं नाही. खुंटी म्हणजे तारीख. अमुक काम अमुक दिवसाआधी नाही, किंवा अमुक दिवसानंतर नाही. दोरी ओढते आणि खुंटी अडवते. दोघींचं भांडण झालं तर कुणाचं ऐकायचं, हे माणसाने ठरवायचं असतं.

मग हिशेब असा. आजपासून पुढे मोजत गेलं की प्रत्येक काम लवकरात लवकर कधी होईल ते कळतं. शेवटापासून मागे मोजत आलं की ते उशिरात उशिरा कधीपर्यंत चालेल ते कळतं. या दोन तारखांमधलं अंतर ही त्या कामाची सवड.

आईला भेटायला जाणं या कामाच्या शेपटीला एकही दोरी नसते. ते झालं नाही म्हणून पुढचं काही अडत नाही. अशा कामांना मेळ 'जितकं उशिरा चालेल तितकं' हा शिक्का मारून ठेवायचं, आणि हा शिक्का मारायची सूचना कुणाची होती हे हेमलताबाईंना पक्कं ठाऊक होतं. निवृत्तीनंतर मेळच्या पहिल्या आवृत्तीवर त्यांनी तीन वर्षं सल्लागार म्हणून काम केलं होतं. बैठकीत कुणीतरी विचारलं, पुढे कुणी वाट पाहत नाही त्या कामांचं काय करायचं? त्यांनी पेन्सिल खाली न ठेवताच सांगितलं होतं, शेवटी ढकला, सवड वाया घालवू नका.

आणि आता तीच कामं पुढे धावत आली होती.

त्यांनी माळ्यावरून जुन्या ट्रेसिंग कागदाची गुंडाळी काढली. कागद पिवळा पडला होता, पण पेन्सिल धरत होता. मेळच्या कुटुंबाच्या पानावर सगळ्यांच्या पट्ट्या दिसायच्या, आतला तपशील नाही, नुसती नावं. त्यांनी एकेक उतरवून घेतली. निरंजनच्या चार भेटी. 'घराची कागदपत्रं, आईसोबत', जी दोन वर्षांनी व्हायची होती. 'बाबांच्या फोटोंची निवड'. 'ओवीला पोहायला शिकवणे', जे नातीच्या मे महिन्याच्या सुट्टीतलं होतं. 'पन्हाळा, सगळे'. सगळं आता फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊन पडलं होतं. त्यांनी शेवटाकडून मागे मोजायला घेतलं. एका कामाची सवड जिथे संपते तिथे टिंब, दुसऱ्याची जिथे संपते तिथे टिंब. पाऊण तासाने पट्टी लावून त्यांनी सगळी टिंबं जोडली.

सरळ उभी रेघ आली. पंधरा मार्चची संध्याकाळ आणि सोळा मार्चची सकाळ यांच्या मधून जाणारी.

इतकी निरनिराळी कामं एकाच रेघेला येऊन थटतात, तेव्हा तिथे कुणीतरी खुंटी ठोकलेली असते. ही खुंटी पडद्यावर दिसत नव्हती, आणि ती का दिसत नाही हेही त्यांना ठाऊक होतं. विमा कंपन्या मनगटावरच्या घड्याळातून नाडी घेत, चाल मोजत, आवाजातला थकवा ऐकत, आणि त्यावरून माणसाचं पुढचं वर्ष मांडत. कायदा असा होता की हा अंदाज माणसाने स्वतः लेखी मागितल्याशिवाय कुणालाही दाखवायचा नाही, खुद्द त्यालाही नाही. पण मेळला तो मिळायचा. तिथे त्याला आरोग्य म्हणत नसत, 'उपलब्धता' म्हणत. अमुक माणूस अमुक तारखेपर्यंत उपलब्ध. खुंटी लपवलेली असली तरी दोऱ्या सगळ्यांसमोर ताणल्या जायच्या, आणि दोऱ्या वाचता येणारी माणसं आता फारशी उरली नव्हती.

हेमलताबाईंनी कागदाची गुंडाळी केली. वय अठ्ठ्याहत्तर. हृदयाची एक झडप सैल. दोन महिने म्हणजे तसे बरेच दिवस.

दुसऱ्या दिवशी त्या अनसूयाला म्हणाल्या, "माझी ती जांभळी इरकल तू घेऊन जा."

"का? फाटली?"

"तुला आवडते म्हणून."

"चाळीस वर्षं आवडतीया. आजच कसं सुचलं?" अनसूयाने साडी घेतली, पण जिना उतरताना दोनदा मागे वळून पाहिलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी निरंजन आला. एकोणपन्नास वर्षांचा, अंगाने भरलेला, एका बस कंपनीचे डेपो सांभाळणारा. तिसरा मजला चढून दारात आला तेव्हा एक हात कमरेवर होता.

"गाडी चालवून पाठ धरलीये," तो म्हणाला. "तू बस, आई. चहा मी करतो."

गेल्या वीस वर्षांत त्याने या घरात चहा केला नव्हता. साखरेचा डबा त्याला सापडेना. मग त्याने गळका नळ पाहिला, खिडकीची कडी पाहिली. जेवताना दोनदा भात मागितला. दुपारी बापाच्या फोटोंची पेटी उघडून बसला आणि मधेच म्हणाला, "मी आत्याकडे असायचो तेव्हा तू महिन्याच्या शेवटच्या रविवारी यायचीस. आठवतं?"

"साइटवरून सुट्टी तेव्हाच मिळायची."

"मी शनिवारपासून आत्याच्या कट्ट्यावर बसायचो. कधी जीप यायची, कधी निरोप यायचा." त्याने फोटो खाली ठेवला. "मी तुला हे कधी सांगितलं नाही. रागही होता. आता वाटतं, तूच तर सगळं ओढत होतीस." बोलताना त्याने आईचा हात हातात घेतला. त्याचा तळवा गरम आणि जड होता. "तुला काही होतंय का, आई? खरं सांग. तेजस्विनी म्हणाली, मेळने इतक्या भेटी टाकल्यात म्हणजे आईंचं काहीतरी असणार."

म्हणजे मुलगा-सून दोघंही तसंच समजत होते.

हेमलताबाईंनी नाही म्हणायला हवं होतं, निदान हसून उडवायला हवं होतं. पण तो हात सोडवेना. त्या एवढंच म्हणाल्या, "वय झालं रे." आणि मुलाच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून त्यांना जे वाटलं, त्याची त्यांना नंतर फार लाज वाटली. त्यांना बरं वाटलं होतं.

गुरुवारी डोळ्यांच्या दवाखान्यातून निरोप आला. दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू, अकरा ऑगस्ट, तारीख पक्की.

त्या वाचून टॅबलेट बाजूला ठेवणार होत्या. मग थांबल्या. ऑगस्ट?

त्यांनी स्वतःचं पान उघडलं. मोतीबिंदू ऑगस्टमध्ये, जिथे होता तिथेच. ऑक्टोबरमध्ये अनसूयाबरोबर हंपीला जायचं ठरलं होतं, ते ऑक्टोबरमध्येच. पुढल्या जानेवारीत दात बसवायचे होते, तेही जागच्या जागी. यातलं काहीच हललं नव्हतं.

पन्नासेक वर्षांपलीकडून देवस्थळी साहेबांचा खरखरीत आवाज आल्यासारखा झाला. खुंटी कुठे आहे ते शोधायचं असेल बाई, तर जे हललं ते पाहत बसू नका. जे हललं नाही ते पाहा. नव्या माणसाची चूक ठरलेली असते. जो कागद आपण काढतो त्याच्या मधोमध आपलंच काम आहे असं त्याला वाटतं.

त्यांनी गुंडाळी पुन्हा उलगडली. रेघेला थटलेली कामं एकेक वाचली. भेटी, निरंजन. कागदपत्रं, निरंजन. फोटो, निरंजन. ओवीला पोहायला शिकवणे, तेही निरंजन. त्या कामाचा आणि आजीचा काय संबंध? ते पहिल्याच दिवशी समोर होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने ते उतरवून घेतलं होतं आणि पुढे गेल्या होत्या.

खुंटी त्यांची नव्हती.

मग नियोजकाच्या सवयीने उलट तपासणी केली. निरंजनचं एखादं काम हललं नाही असं आहे का? होतं, एकच. 'वार्षिक आरोग्य तपासणी, पाच मे'. पट्टीच्या टोकाला छोटं कुलूप होतं. कंपनीची तपासणी एक मेच्या आधी सुरू करायची नाही, असा विम्याचा करार. मेळने जे जे ओढता येईल ते रेघेच्या अलीकडे ओढून घेतलं होतं. मुलीचं पोहणं ओढलं, आईच्या भेटी ओढल्या. आणि ज्या एका कामाने कदाचित ही खुंटीच उपटली गेली असती ते पाच मेला अडकून पडलं होतं. तारखेपुढे दोरीचं काही चाललं नव्हतं. मेळला यात वावगं काही दिसत नव्हतं. त्याला फक्त कामं बसवायची होती.

त्यांनी निरंजनला फोन लावला.

"आई, बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. तू डॉक्टरला दाखव. पाठ दुखते म्हणत होतास."

"पाठ सगळ्यांची दुखते. मेमध्ये तपासणी आहेच. गेल्या वर्षी सगळं नॉर्मल होतं."

"मेपर्यंत थांबू नकोस."

"माझं सोड गं," तो म्हणाला, आणि आवाज मऊ झाला. "तू तुझी काळजी घे. तुझ्यासाठी मी वाटेल तेवढी रजा काढतो. सांगशील तिथे नेतो."

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे तो खरंच बोलला होता. स्वतःसाठी तो अर्धा दिवस काढणार नव्हता. रेघ दाखवली तर म्हणेल, आई, पिवळ्या कागदावरून कुणी मरत नाही. चिडेल, तेजस्विनीला सांगू नकोस म्हणेल, आणि मेची वाट पाहील. पण आईसाठी तो येईल.

सत्त्याऐंशी सालचा तो दिवस त्यांना आठवू नये असं वाटत असतानाच आठवला. वीजघराच्या उद्घाटनाची तारीख वरून आली होती. बोगद्याचं काँक्रीटचं अस्तर वाळायला अजून बारा दिवस हवे होते. कुणीतरी म्हणालं, अस्तर आणि पाणी यांच्यामधली दोरी काढून टाका, पाणी आधीच्या एका झालेल्या कामाला बांधा, कागद साफ दिसेल. देवस्थळी साहेब रजेवर होते. बावीस वर्षांच्या हेमलताने खोडरबर घेऊन एक दोरी पुसली आणि दुसरी, खोटी, काढली. कागद साफ दिसला. पाणी सोडल्यावर तिसऱ्या दिवशी अस्तर फुटलं. दोघं जखमी झाले आणि सावळा नावाच्या फिटरचा पाय गेला. चौकशीत कागद कुणी पाहिलाच नाही. तो त्यांनी स्वतःजवळ ठेवला, आणि त्यानंतर नोकरीच्या साऱ्या वर्षांत कधीही खोटी दोरी बांधली नाही.

शुक्रवारी सकाळी त्या खाली अनसूयाकडे गेल्या आणि सगळं सांगितलं.

अनसूयाने ऐकता ऐकता चहाचा गॅस बंद केला. मग म्हणाली, "साडी परत घेऊन जा आधी. नेसायची भीती वाटत होती मला."

"अनसे, मी खोटं बोलू का त्याच्याशी?"

"मला काय विचारतीस? जन्मभर टपाल वाटलं मी, वाचलं नाही कधी." ती उठली, साडी आणून मैत्रिणीच्या मांडीवर ठेवली. "पण तार आली की घराची कडी वाजवायची, एवढं कळायचं. माणूस झोपलेला असला तरी."

गावातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर शबाना मुल्ला सोनोग्राफी करायच्या. त्यांचे वडील घाटातल्या साइटवर भांडारपाल होते. फोनवर त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"काकू, रेघ पाहून मी कुणाची तपासणी नाही करू शकत."

"कळतं मला."

"पण पोट दाखवायला कुणी येऊन झोपलं तर मी नीट बघेन."

त्या दुपारी हेमलताबाईंनी मेळवर दोन नवी कामं टाकली. सोळा फेब्रुवारी, सोमवार, सकाळी नऊ: 'निरंजनची तपासणी'. त्याच दिवशी दहा वाजता: 'आईची तपासणी'. दोन्ही तारखा कुलूप लावून पक्क्या केल्या. मग पहिल्याच्या शेपटीपासून दुसऱ्याच्या तोंडापर्यंत दोरी काढली. पहिलं संपल्याशिवाय दुसरं सुरू नाही. मेळने कारण विचारलं. त्यांनी लिहिलं, 'आजार घराण्यातला असू शकतो, आधी जवळच्या नातलगाला तपासायचं आहे.' बोट क्षणभर काचेवर अडलं, मग टेकलं. मेळने दोरी घेतली. त्याला खरी आणि खोटी दोरी सारखीच.

निरंजनने पाच मिनिटांत होकार दिला.

दुसऱ्या भेटीत तो आणखी हळवा होता. रविवारी त्याने आईचे पाय चेपून दिले. हेमलताबाई पाय आखडून घेत होत्या आणि तो पुन्हा ओढून घेत होता. सोमवारी हॉस्पिटलच्या पायऱ्या चढताना त्याने एकदा भिंतीला टेकून श्वास घेतला आणि आईला म्हणाला, "घाबरू नकोस. मी आहे ना."

आत डॉक्टर मुल्ला आधी त्याच्याशी गप्पा मारत होत्या. डेपोतल्या बसेस वेळेवर का नसतात वगैरे. त्याच्या पोटावर यंत्र फिरत होतं. बेंबीच्या जरा वर आल्यावर त्या बोलायच्या थांबल्या. यंत्र पुन्हा मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. पडद्यावर काहीतरी मोजलं, परत मोजलं.

"पाठ किती दिवस दुखतेय?" त्यांनी विचारलं. आवाजातली थट्टा गेली होती.

पोटातून खाली जाणाऱ्या मोठ्या धमनीला फुगा आला होता. भिंत पातळ झाली होती. असा फुगा दुखत नाही, दुखला तर पाठ दुखते, आणि फुटला तर दवाखाना गाठायला वेळ मिळत नाही. घड्याळाने नाडीच्या लाटेत काहीतरी ऐकलं असेल आणि आकडा विमा कंपनीला दिला असेल. ज्याची नाडी, त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. रुग्णवाहिका यायला वीस मिनिटं होती. तोवर त्याला बाहेरच्या स्ट्रेचरवर निजवलं, हलायचं नाही अशी ताकीद देऊन.

हेमलताबाई बाजूच्या बाकावर बसल्या होत्या.

"तुला माहीत होतं," तो छताकडे पाहत म्हणाला.

"अंदाज होता."

"आणि तुला काही झालेलं नाही."

"गुडघे दुखतात."

तो हसला नाही. "पंधरा दिवस मी सिग्नलला गाडीत रडलोय, आई. लोक बघायचे. आत्याच्या कट्ट्याचं, ते सगळं... ते मी तू जाणार म्हणून बोललो."

"माहीत आहे."

"मग तेव्हाच का थांबवलं नाहीस?"

"तेव्हा मलाही तेच वाटत होतं. काल मात्र कळलेलं होतं. काल थांबवलं असतं तर तू आज इथे झोपला नसतास."

हे खरं होतं, पण पूर्ण नव्हतं. तळव्याची ती ऊब आणखी एकदा हवी होती, हे त्या बोलल्या नाहीत. त्याने मान वळवून आईकडे पाहिलं आणि बहुधा त्याला ते कळलं. त्याने हात पुढे केला नाही. रुग्णवाहिका आली तेव्हा मात्र म्हणाला, "तेजूला तू सांग. मला नाही जमणार."

पुण्यात चार दिवसांनी जांघेतून नळी घालून धमनीत आधार बसवला. तेजस्विनीने रोज फोन केला. ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी ती म्हणाली, "आई, तो जिन्यात थांबायचा. मी महिनाभर बघत होते. मला वाटलं, फोन बघतोय." निरंजन नंतर स्वतः बोलला, थोडंच. औषधांबद्दल, जेवणाबद्दल. शेवटी म्हणाला, "तुझी तपासणी राहिलीच. ती करून घे," आणि त्याच्या आवाजात राग होता की आणखी काही, ते हेमलताबाईंना ओळखता आलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी अनसूया वर आली तेव्हा हेमलताबाई टॅबलेट समोर घेऊन बसल्या होत्या. चहा निवला होता.

"काय झालं?"

"बघ."

एक तारखेची भेट तो अंथरुणात असल्याने झालीच नव्हती. ती आता मार्चच्या शेवटच्या रविवारी जाऊन बसली होती. दोघी पाहत असतानाच पंधरा मार्चची पट्टी हलली आणि हळूहळू उजवीकडे निघाली. एप्रिल ओलांडला, मे ओलांडला, जूनच्या शेवटच्या रविवारी थांबली. ओवीचं पोहणं मे महिन्याच्या सुट्टीत परत गेलं. फोटो दिवाळीत गेले. घराची कागदपत्रं तर पुढलं वर्ष पार करून दिसेनाशी झाली. सोळा मार्चपाशी आता काहीच थटत नव्हतं.

"म्हणजे परत शेवटचा रविवार," अनसूया म्हणाली. "आणि परत फोन. एवढं करून काय मिळालं गं तुला? सांग की त्याला, ठोक म्हणावं एखादी खुंटी. आईसाठी."

हेमलताबाईंनी दोन बोटांची चिमटी करून पडदा लहान केला आणि वर्ष संपतं तिथपर्यंत गेल्या. पुढल्या वर्षाच्या मार्चमध्ये एक भेट होती. त्याच्या पुढल्या वर्षी चार होत्या. त्याच्याही पुढे, फिकट निळ्या, बारीक बारीक, जिथवर मेळ मांडू शकत होतं तिथवर. सगळ्या महिन्याच्या अगदी शेवटाला ढकललेल्या.

"काही नको," त्या म्हणाल्या. "सरकू दे."

त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या. निरंजनसाठी पाहुण्यांच्या गादीवर घातलेली चादर काढली, उशीचे अभ्रे काढले, नीट घड्या घातल्या. अनसूया दारात येऊन उभी राहिली.

"स्टूल धर जरा," हेमलताबाई म्हणाल्या, आणि लवकर लागणार नाहीत त्या गोष्टी जिथे ठेवायच्या, त्या सगळ्यात वरच्या फळीवर त्यांनी चादर ठेवून दिली.